युद्धात बलाढ्य देशावर परदेशी पत्रकार टीका करतात ती निव्वळ बदनामी असते का?

तुम्ही विचारलंय की युद्ध चालू असताना परदेशी पेपरवाले मोठ्या देशावर तुटून पडतात त्यात खरं किती असतं. मला विचाराल तर त्या पत्रकाराचा पासपोर्ट बघूच नका, तो स्वतः तिथे गेला होता का आणि कोणाच्या गाडीतून गेला होता ते बघा.

हिरोशिमाचंच घ्या. २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या खाडीत मिसुरी युद्धनौकेवर जपानने शरणागतीवर सह्या केल्या, बहुतेक सगळे बातमीदार तिकडे, आणि विल्फ्रेड बर्चेट नावाचा एक ऑस्ट्रेलियन मात्र टाइपरायटर, छत्री आणि थोडं खाणं घेऊन एकटाच ट्रेनने हिरोशिमाकडे निघाला होता. लंडनच्या डेली एक्स्प्रेससाठी लिहायचा. तिथे शहर म्हणून काही उरलंच नव्हतं, ते त्याने लिहिलंच, पण खरी बातमी हॉस्पिटलात होती. बॉम्ब पडून महिना होत आलेला आणि ज्यांना त्या दिवशी काहीही लागलं नव्हतं अशी माणसं आता मरत होती, केस गळत होते, अंगावर निळसर डाग, नाकातोंडातून रक्त, आणि डॉक्टरांनी व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली तर सुई टोचली तिथलंच मांस सडायला लागलं. हे आजही वाचवत नाही. ५ सप्टेंबरला ती बातमी पहिल्या पानावर आली.

लगेच टोकियोत अमेरिकन लष्कराची पत्रकार परिषद. बर्चेट परत आला तो थेट तिथेच पोचला आणि त्याने उलटे प्रश्न विचारले, तर बॉम्ब प्रकल्पातले अमेरिकन जनरल फॅरेल म्हणाले की तुम्ही जपानी प्रचाराला बळी पडलात. आठवड्याभरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये विल्यम लॉरेन्सने लिहिलं की बॉम्बच्या किरणोत्साराने माणसं मरतायत अशी जपानी लोक उगाच बोंब मारतायत. हा लॉरेन्स बॉम्बच्या प्रकल्पात अमेरिकन युद्ध खात्यासाठीही काम करत होता! आणि पत्रकारितेतलं १९४६ चं पुलित्झर पारितोषिक त्यालाच.

आता कोणी म्हणेल बर्चेट पुढे कम्युनिस्टांच्या बाजूने लिहायला लागला. खरंय, कोरियाच्या युद्धात अमेरिकेने रोगजंतू सोडल्याच्या त्याच्या बातम्यांवर मीही विश्वास ठेवत नाही. पण म्हणून हिरोशिमाच्या हॉस्पिटलात त्याने पाहिलं ते खोटं होत नाही. आणि जॉर्ज वेलर हा पत्रकार तर अस्सल अमेरिकन, तोही त्याच आठवड्यात परवानगीशिवाय नागासाकीत घुसला आणि त्यालाही तेच दिसलं, फक्त त्याने आपल्या बातम्या रीतसर जपानमधल्या अमेरिकन फौजांचा प्रमुख मॅकआर्थर याच्या सेन्सॉरकडे पाठवल्या आणि त्या तिथेच गडप झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर मुलाला कार्बन कॉप्या सापडल्या, छापून आल्या २००५ मध्ये. साठ वर्षं!

मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांना स्वतःच्या पेपरात लिहिता येत नव्हतं. बॉम्बवर टीका करणारं एका नेत्याचं म्हणणं छापलं म्हणून त्याच सप्टेंबरात आसाही शिंबुन हा जपानी पेपर दोन दिवस बंद ठेवायला लावला, मग पेपरांनी काय छापायचं नाही हे ठरवणारा अमेरिकन लष्कराचा प्रेस कोड आला, आणि बॉम्बग्रस्तांचे फोटो जपानच्या घराघरात पोचले ते अमेरिकन ताबा उठल्यावर, ऑगस्ट १९५२ मध्ये. तोवर त्यांच्या बाजूने बोलायला परकाच माणूस लागत होता.