खाली ये, चारचौघांत बस

"पोरगं कुणात मिसळत न्हाई बघा, म्याडम." राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या आयांनी म्हटलंय, की बाई खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते ऐकू येतं. कोल्हापुरात या काळजीला जरा जास्तच धार आहे. पेठेत राहून पोरगं तालमीत नाही, फुटबॉलला नाही, मंडळाच्या वर्गणीला नाही, म्हणजे त्याच्यात काहीतरी खोट असणार, असं लोक धरूनच चालतात.

ओंकारची आई अशीच आली (नाव अर्थातच बदललंय). मुलगा पंधरा वर्षांचा, वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. शाळेतून आला की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, ते जेवायलाच खाली. "दहादा हाका मारतो मी, खाली ये, चारचौघांत बस. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला घातलं, चांगली कापडं घेतली. काय उपयोग न्हाई."

पहिल्या चार भेटींत तो 'हं' आणि 'माहीत नाही' यापलीकडे गेला नाही, तेव्हा त्या सोडून देते. पाचव्या वेळी सहज विचारलं, हल्ली काय बघितलंस?

"एडवर्ड सिझरहँड्स. तीनदा."

टिम बर्टनचा हा 1990 चा सिनेमा चक्क आपल्या आटपाट नगरासारखा सुरू होतो. बर्फ कुठून येतं, असं नात विचारते आणि आजी गोष्ट सांगते. खाली फिक्या रंगांची एका साच्यातली घरं, टोकाला डोंगरावर काळा वाडा. वाड्यात म्हाताऱ्या शोधकानं घडवलेला एडवर्ड. हात बसवायच्या आधीच म्हातारा जातो, बोटांच्या जागी कात्र्याच राहतात. दारोदार प्रसाधनं विकणारी एक बाई त्याला घरी आणते आणि चेहऱ्यावरच्या व्रणांवर क्रीम फासून बघते. झुडपांना आकार देतो, बायकांचे केस कापतो, तोवर तो गावाचा लाडका. एका चोरीत दुसऱ्यांच्या सांगण्यावरून जातो, सापडतो एकटाच, आणि तेच शेजारी त्याच्यावर उठतात.

"गल्लीतले मोबाईल मीच दुरुस्त करून देत होतो," ओंकार टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला. "एकाचा हरवला. पहिल्यांदा माझ्या खोलीत आले."

ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती.

मी म्हटलं, आपल्या कहाण्यांत नावडती शेवटी आवडती होते. परीकथेत बेडकाचा राजपुत्र होतो. इथं?

"इथं त्याचे हात तसेच राहतात." मग बराच वेळ गप्प. मीही काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलेय. "आणि ती आजी, तिला माहीत असतं तो वर जिवंत आहे. मूर्ती कोरताना बर्फ उडतं, ते खाली पडतं. म्हातारी होईपर्यंत बघते ती. पण मॅडम, एकदाही वर जात नाही."

खरं सांगते, अंगावर काटा आला. तोवर मीही याला खाली कसं आणायचं हाच विचार करत होते. क्लास, क्रीम आणि माझं समुपदेशन, तिन्ही एकाच माळेचे मणी. सिनेमा मीही पाहिला होता, पण आपणच वर जायचा जिना माझ्या डोक्यात आला नव्हता. मुलं स्वतःबद्दल जे सांगत नाहीत ते आवडत्या गोष्टीतल्या माणसाबद्दल बिनधास्त सांगतात, यावर माझा जुना विश्वास आहे. म्हणून मी प्रश्नावलीआधी गोष्ट काढते. सहकारी हसतात, हसू देत.

आयांना म्हणून सांगते. 'कुणात मिसळत नाही' म्हणजे नक्की कुणात, ते आधी बघा. त्याला एखादा जरी मित्र असेल, एखाद्या कामात तो तासन्‌तास रमत असेल, तर निम्मी काळजी तिथंच सोडा. झोप-जेवण बिघडलं, शाळाच बंद पडली किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर मात्र वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा; टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. आणि 'लोकांची कामं करून दे, मग विचारतील तुला' हा सल्ला कृपा करून देऊ नका. कामापुरती जवळ केलेली माणसं संशय आला की पहिल्यांदा त्यालाच धरतात. एडवर्डचं तेच झालं, ओंकारचंही.

त्याला विचारून, मोबाईलचं तेवढं मी आईला सांगितलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकच काम दिलं: रोज पंधरा मिनिटं वर जायचं. हाक मारायची नाही, अभ्यासाचं काढायचं नाही, मिक्सर दुरुस्तीला न्यायचा नाही.

"जिना लई उभा हाय, म्याडम. गुडघं धरत्यात."

दोन आठवड्यांनी एकट्याच आल्या. पहिले तीन दिवस तो काही बोलला नाही म्हणे. चौथ्या दिवशी लाईट गेली. त्यानं वर न बघताच मोबाईलची बॅटरी लावून त्यांच्या हातात दिली, "इथं धर, हलवू नको." तारेचा एवढासा तुकडा, त्यावर सोल्डरचा थेंब. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, तरी हात हलवला नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.