चार शाळा, एक पेटी

नव्या शिक्षणसेवकास,
अनेक आशीर्वाद.

केंद्रातल्या दहाही शाळांनी मिळून टॅब घ्यावेत असं तुझ्या मनात आहे. आधी तो दहाचा आकडा सोड. टॅब एका पेटीत घालून शाळाशाळांत फिरवायचे; एका शाळेला एक आठवडा धरला तर पेटी परत यायला अडीच महिने लागतात; तोवर पोरं पासवर्डसुद्धा विसरतात. चारच शाळा घे, चार-पाच किलोमीटरच्या आतल्या. जवळच्या शाळांनी गट करून साधनं वाटून वापरायची, ही शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाची (1964-66). 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा उचलली आणि पाच ते दहा किलोमीटरची त्रिज्या सांगितली. कागदावर ठीक आहे. मोटारसायकलला पत्र्याची पेटी बांधून, भर पावसात ओढा ओलांडणाऱ्याला दहा किलोमीटर फार होतात.

पैसे एका शाळेच्या खात्यात गोळा करू नका, लेखापरीक्षणात गुंता होतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान 30 पटापर्यंत वर्षाला 10,000 आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये. त्यातच खडू, वीजबिल आणि स्वच्छताही भागवायची. तेव्हा टॅब लोकवर्गणीतून घ्या, आणि एकीने टॅब, दुसरीने प्रोजेक्टर, तिसरीने राउटर अशी वाटणी करा. ज्या शाळेची वस्तू, तिच्याच डेडस्टॉकला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद. बाकीच्यांना ती उसनी. चारही शाळा व्यवस्थापन समित्यांचा एकच मजकुराचा ठराव हवा आणि त्यात हे वाक्य हवंच: वापरताना काच फुटली तर दुरुस्ती चौघींत वाटून. हे वाक्य नसलं की वसुलीच्या धास्तीने मुख्याध्यापक पेटीला कुलूप लावतात. टॅब वापरून मोडण्यापेक्षा कुलपात पडून जास्त खराब होतात.

टॅब बारा पुरे. एका टॅबवर दोघं बसली की एकमेकांना विचारतात. द्विशिक्षकी शाळेत तेवढ्यात तू दुसऱ्या वर्गाकडे वळू शकतोस. चार्जर मात्र जपून घे. दहा खाचांच्या चार्जरवर ‘60 वॅट’ लिहिलेलं असतं ते सगळ्या खाचांचं मिळून, म्हणजे एका टॅबला सहाच वॅट. दहा वॅटवर अडीच-तीन तासांत भरणारा टॅब मग पाच तास घेतो, आणि आपल्याकडे दिवसा सलग पाच तास वीज कुठे असते? 120 वॅटच्या वरचा घे. चार्जिंग चालू असताना पेटीचं झाकण उघडं ठेव.

इंटरनेटच्या भरवशावर राहू नकोस. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर कोलिब्री हे इंटरनेटशिवाय चालणारं अभ्यासाचं सॉफ्टवेअर बसव. व्हिडिओ आणि सराव त्यातच साठतात, मराठी मेनू आहे. बारा टॅबांना पायचं स्वतःचं वायफाय पुरत नाही, म्हणून राउटर. वीज अचानक गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, त्यामुळे रोज आधी बंद करण्याची आज्ञा, मग प्लग काढायचा. तयार कार्डाची एक प्रत पेटीत असू दे. आणखी एक खोड: रास्पबेरी पायच्या ‘पाय 4’ या मॉडेलमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेटशिवाय सुरू केला की तारीख मागची दिसते आणि पोरांच्या सरावाच्या नोंदी भलत्याच दिवसावर जातात. सोमवारी सर्वांत आधी तारीख बघ.

पेटी शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर हलवा. देणारा आणि घेणारा दोघांनी मिळून मोजायचं: टॅब 12, केबल 12, चार्जर, राउटर, पाय, कार्डं 2. हरवते ती केबलच. टॅबचा आणि केबलचा एकच नंबर रंगाने लिहा. वहीत दोन सह्या. बदलीची ऑर्डर आली तर कार्यमुक्त होण्याआधी हीच वही आणि दुसरी किल्ली ताब्यात देणं, हेही ठरावात घाला.

मे महिन्यात पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. टॅब निम्मे चार्ज करून, बंद करून, गावातल्या कौलारू किंवा स्लॅबच्या घरात. महिन्याभराने एकदा बघ. एखाद्याची पाठ फुगलेली दिसली तर त्याला चार्जिंगला लावूच नकोस, वेगळा काढ.