‘एक लेख पाठवून बघा ना!’

प्रश्न : ताई, मी घरून लेखनाची कामं घेते. मध्यंतरी एका कंपनीने ‘ट्रायल’ म्हणून लेख मागितला. विषय त्यांचा, शब्दमर्यादा त्यांची, मुदतही त्यांचीच. रात्री जागून लेख पूर्ण केला, पाठवला. ‘सध्या जमणार नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. परवा सहज पाहिलं तर लेख त्यांच्या वेबसाइटवर! सुरुवात बदलली आहे, पण मी मनाने रचलेलं दोन भावांच्या हिशेबाचं उदाहरण जसंच्या तसं. आता दुसऱ्या एका क्लायंटला दोन नमुने आणि महिनाभराच्या विषयांची यादी हवी आहे. नाही म्हटलं तर काम हातचं जाईल. वॉटरमार्क टाकून पाठवू का? आणि त्या पहिल्या कंपनीची सोशल मीडियावर चांगली हजेरी घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : वॉटरमार्कचं आधी सांगते, कारण त्यावर लोकांचा उगाच भरवसा असतो. पानावर आडवं तुमचं नाव असलेली पीडीएफ हाती आली की समोरचा काय करतो? मजकूर सिलेक्ट करतो, कॉपी करतो, कोऱ्या फाइलमध्ये टाकतो. नाव मागे राहतं, लेख पुढे जातो. गूगल डॉक्समध्ये डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येतं. जरूर करा. पण स्क्रीनशॉटमधून मजकूर उचलायला आता साधा फोन पुरतो. अशा कड्याकुलपांनी आळशी माणूस थांबतो, ठरवून आलेला नाही.

मला खटकली ती तुमच्या पत्रातली दुसरीच ओळ : ‘विषय त्यांचा, शब्दमर्यादा त्यांची, मुदतही त्यांचीच.’ अहो, मग तो नमुना कसला? ते काम झालं. नमुना म्हणजे तुमच्याकडे आधीच लिहून तयार असलेला मजकूर. मी संपादकाच्या खुर्चीत बरीच वर्षं काढली, नवे लेखक निवडले. लिहिणाऱ्याचा हात कळायला त्याचे दोन जुने लेख पुरतात. खरं तर पहिल्या पानावरच अंदाज येतो. आपल्याच विषयावर ताजा, पूर्ण लेख मागण्याचं एक कारण रास्त असतं : आमच्या वाचकाशी या माणसाला बोलता येईल का, हे बघायचं असतं. पण ज्याला खरंच ते बघायचं असतं, तो त्या लेखाचे पैसे द्यायला कुरकुरत नाही. दुसरं कारण तुम्ही अनुभवलंच आहे.

म्हणून नव्या क्लायंटला नकार देऊ नका, असं लिहा : ‘माझे दोन प्रकाशित लेख सोबत जोडत आहे. आपल्या विषयावर स्वतंत्र चाचणी लेख हवा असल्यास आनंदाने लिहीन. त्याचं मानधन इतकं. लेख वापरण्याचे हक्क मानधन मिळाल्यावर आपल्याकडे येतील.’ दर नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवलात तरी चालेल, शून्य नको. जोडलेल्या फाइलच्या माथ्यावर एक ओळ टाका : ‘केवळ मूल्यमापनासाठी. प्रकाशनापूर्वी लेखी परवानगी आवश्यक.’ या ओळीने मजकूर उचलणं थांबत नाही, पण ‘आम्हाला वाटलं, वापरायला चालेल’ ही सबब उरत नाही. गुप्ततेच्या करारावर सही मागायच्या फंदात मात्र पडू नका. नमुना वाचण्यासाठी कोणी सही करत नाही, आणि तुम्ही उगाच अवघड ठरता.

‘ट्रायलसाठी बजेट नाही’ असं उत्तर आलं तर? त्यांच्याच वेबसाइटवरचा एखादा रटाळ परिच्छेद घ्या आणि तो सुधारून दाखवा. शे-दीडशे शब्द, बस. तुमचा हात दिसतो, आणि लेख म्हणून छापण्याजोगं काही त्यांना मिळत नाही. जुन्या क्लायंटसाठी दुसऱ्याच्या नावाने लिहिलेलं काही नमुना म्हणून दाखवणार असाल, तर आधी त्याची परवानगी घ्या.

विषयांची यादी ही लेखापेक्षाही जपायची गोष्ट आहे, आणि ती आपण सर्रास फुकट देऊन बसतो. लेखाला कायद्याचं कवच आहे, कल्पनेला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या 1994 च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या कराराच्या नवव्या कलमात ते स्पष्टच लिहिलं आहे : कॉपीराइटचं संरक्षण अभिव्यक्तीला, कल्पनेला नव्हे. तुमच्या यादीतले सगळे विषय त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतले, तरी कायद्याने तुम्हाला फारसं काही करता येणार नाही. तेव्हा दोन-तीन विषय द्या, तेही मथळा आणि एका ओळीत रोख सांगून. कोणाशी बोलणार, कुठली कागदपत्रं पाहणार, हे आपल्यापाशी ठेवा. पूर्ण महिन्याचं नियोजन हवं असेल तर ते वेगळं काम आहे. त्याचंही मानधन सांगा.

आता झालेल्या लेखाचं. लेखाचा हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही. (तारखेचा पुरावा म्हणून लेख स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पाकिटातून पाठवून ते न उघडता ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. टपालखर्च वाचवा.) लेख जोडून पाठवलेला मेल, त्यांचा विषय देणारा मेल, नकाराची ती एक ओळ आणि डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी (कधी काय लिहिलं-बदललं याची नोंद) हा तुमचा पुरावा. यातलं काहीही डिलीट करू नका. आणि ते दोन भावांचं उदाहरण सोन्यासारखं आहे! माहिती दोघांची सारखी असू शकते, रचलेलं उदाहरण योगायोगाने जुळत नाही. नकाशे छापणाऱ्या कंपन्या याच हिशेबाने नकाशात एखादी नसलेली गल्ली पेरत. ती दुसऱ्याच्या नकाशात उगवली की चोरी उघड. लेखात खोटी माहिती पेरायची नसते, पण स्वतः रचलेलं उदाहरण किंवा एखादं वेगळ्या वळणाचं वाक्य असू द्यावं. पुढे तेच वाक्य अवतरणचिन्हांत घालून अधूनमधून सर्च करता येतं.

त्यांना काहीही कळवण्याआधी ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर ‘सेव्ह पेज नाऊ’ वापरून साठवा, पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मेल गेला की पान गायब होऊ शकतं. मग शांत भाषेत लिहा : ‘अमुक तारखेला पाठवलेला माझा लेख आपण प्रकाशित केल्याचं दिसलं. मानधनाचं बिल सोबत जोडलं आहे. लेख वापरायचा नसल्यास आठ दिवसांत काढावा.’ आरोप नको, कारण लेख मागवणारा आणि वेबसाइटवर चढवणारा यांची अनेकदा गाठही पडलेली नसते. असं बिल हिशेब खात्यात पोचलं की कधीकधी मुकाट्याने चुकतं होतं. दाद मिळाली नाहीच, तर वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीकडे आणि गूगलकडे कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यामुळे तिथल्या कंपन्यांनी ही सोय ठेवलेली असते. फॉर्ममध्ये सगळं खरंच लिहा. खोट्या तक्रारीची जबाबदारी तक्रारदारावर येते.

सोशल मीडियावरची हजेरी? बिलाची मुदत संपेपर्यंत नको. आत्ताच झोडपलंत तर पैसे देण्याचं त्यांना कारणच उरत नाही. नंतर लिहायचंच असेल तर दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवा, तारखा द्या, विशेषणं टाळा. ‘चोर’ म्हटलंत की तेच बदनामीची भाषा सुरू करतील, आणि लेख राहील बाजूला.

पण बिल पाठवण्याआधी एक तपासा : ट्रायलच्या वेळी एखादा ऑनलाइन फॉर्म भरला होता का? ‘पाठवलेला मजकूर कंपनीच्या मालकीचा राहील’ अशी ओळ त्यात असते आणि तिच्याखाली आपण न वाचता टिक केलेली असते. तशी टिक सापडली तर बिल तूर्त थांबवा आणि तो फॉर्म आधी वकिलाला दाखवा.