वाचकांचे प्रश्न : लाकडावर चालणारा घरगुती बॉयलर

प्रश्न : मला वेल्डिंगचे काम चांगले येते. घर उबदार ठेवण्यासाठी लाकडावर चालणारा बॉयलर स्वतः तयार करण्याचा विचार आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची चौकोनी भट्टी, तिच्याभोवती पाण्याचे आवरण आणि गरम पाणी रेडिएटरमध्ये फिरवणारा पंप, असा आराखडा केला आहे. यंत्रणा पूर्ण हवाबंद ठेवून वर एक सुरक्षा झडप बसवीन. एवढी खबरदारी पुरेशी आहे का?

उत्तर : पुरेशी नाही, आणि तुमचे वेल्डिंग कितीही उत्तम असले तरी हे उत्तर बदलत नाही. गॅसचा बॉयलर बटण दाबताच थांबतो. भट्टीत पेटलेले लाकूड मात्र वीज जाऊन पंप बंद पडला तरी पाणी तापवीतच राहते. त्यामुळे नको असलेली उष्णता कोठे जाईल, हे आधी ठरवावे आणि भट्टी मग आखावी.

बंद भांड्यातील पाणी दाबामुळे १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी उकळत नाही. पण एखादा जोड फाटून दाब एकाएकी उतरला की त्यातील काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा व्यापते. शिवाय चौकोनी आकार दाबाला सोयीचा नाही. ५० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद सपाट पत्र्यावर अवघ्या १ बार (साधारण हवेच्या दाबाइतक्या) दाबाने सुमारे अडीच टनांचा भार येतो, आणि आतील व बाहेरील पत्र्यांना ठरावीक अंतरावर जोडणारे आधारदांडे नसतील तर पत्रा फुगतो. सुरक्षा झडप हवीच. परंतु क्षार साचून ती अडकू शकते, म्हणून सगळा भरवसा तिच्या एकटीवर टाकू नये.

घरी बनवायचाच असेल तर यंत्रणा हवेशी खुली ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉयलरच्या माथ्यावरून निघालेला नळ सतत चढत जाऊन सर्वांत उंच जागी ठेवलेल्या टाकीवर उघडा सुटला पाहिजे आणि त्याच्या वाटेत एकही व्हॉल्व्ह असता कामा नये. १० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापताना १००० लिटर पाणी सुमारे ३५ लिटरने वाढते. तेवढी मोकळी जागा त्या टाकीत असावी. कडाक्याच्या थंडीत हा नळ किंवा टाकी गोठली, तर खुली यंत्रणा कोणाच्या नकळत हवाबंद होते. हा धोका अनेकांच्या ध्यानातच येत नाही, म्हणून दोहोंना उष्णतारोधक आवरण घालावे. त्याखेरीज एक मोठा रेडिएटर बॉयलरपेक्षा उंचावर असा जोडावा, की पंप थांबल्यावरही गरम पाणी आपोआप वर चढून तेथे निवेल. पाणी कमी होऊन भट्टी कोरडी तापलीच, तर तीत थंड पाणी कदापि सोडू नये. हवेचे दार बंद करून ती आपोआप निवू द्यावी.

आता भट्टीविषयी. लाकडाच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग तापल्यावर वायुरूप होतो आणि ज्वाळेत जळतो. पाण्याने थंड राखलेल्या भिंतींना ती ज्वाळा भिडली की ज्वलन अर्धवट राहते आणि धूर व काजळी वाढते. यासाठी ज्वलनकक्षाला आतून अग्निरोधक विटांचे अस्तर द्यावे, ज्वाळेच्या वरच्या भागात दुय्यम हवा (वायू पूर्ण जळावेत म्हणून दिलेली जादा हवा) सोडावी आणि पाण्याला उष्णता त्यापुढच्या मार्गात घेऊ द्यावी. जोडांची चाचणी थंड पाणी भरून करावी. हवेच्या दाबाने केलेल्या चाचणीत जोड सुटला तर पत्र्याचे तुकडे उडतात.

प्रश्न : आमच्या घरगुती बॉयलरच्या धुराड्यातून काळा, चिकट द्रव ठिबकतो. लाकूड तर भरपूर जळते. दोष कोठे असावा?

उत्तर : बहुधा ओले लाकूड, कोंडलेली आग आणि परतीचे थंड पाणी हे तिन्ही दोष एकत्र आले असावेत. २० टक्के ओलावा असलेले लाकूड किलोमागे सुमारे ४ किलोवॅट-तास उष्णता देते. ५० टक्के ओलाव्याचे लाकूड जेमतेम त्याच्या निम्मी. घर तापले की हवा कमी करून आग धुमसत ठेवण्याची सवय तर सर्वांत वाईट, कारण न जळलेली बाष्पे थंड पत्र्यावर व धुराड्यात डांबरासारखी जमतात आणि पुढे तीच पेट घेऊ शकतात. आग जोमाने जळू द्यावी आणि जादा उष्णता साठवण-टाकीत घ्यावी. १००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवले की सुमारे ४६ किलोवॅट-तास उष्णता साठते, म्हणजे धुराड्यातून वाया जाणारी उष्णता धरून साधारण १५ किलो वाळलेल्या लाकडाचे काम. बॉयलरकडे परतणारे पाणी ५५ ते ६० अंशांच्या खाली जाऊ नये, यासाठी त्यात गरम पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवावा. तोवर धुराडे साफ करून घ्यावे आणि बॉयलर असलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण आजच लावावे. त्या वायूला ना रंग असतो ना वास.