'टेक फाइव': पाच घ्यायचे, पण पाच काय?

आर्वी तालुक्यातल्या एका गावाहून एका शिक्षक भाऊंनी विचारलं आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांचा विद्यार्थी कीबोर्डवर 'टेक फाइव' ही जॅझची धून वाजवणार आहे. निवेदनात नावाचा अर्थ सांगायचा, तर धुनेत शब्दच नाहीत, आणि शब्दकोशातून 'पाच घ्या' एवढंच हाती लागतं. त्यांचे तीन तर्क आहेत: पाच वादक, रेकॉर्डिंगचा पाचवा 'टेक', किंवा भजनातली 'टेक', म्हणजे ध्रुपद.

भाऊ, घ्यायची आहेत ती पाच मिनिटं. अमेरिकेत तालमीत दमलेल्या मंडळींना 'टेक फाइव' म्हटलं, की पाच मिनिटांची सुट्टी. 'मिनिटं' गळून गेली, आकडा राहिला. आपल्याकडेही असंच चालतं. 'पाचामुखी परमेश्वर' म्हणताना त्यातली माणसं आपण उच्चारत नाही, आणि 'तेरवीला या' असा निरोप आला तर तेरावा काय, हे कोणी विचारत नाही. व्यवहार अंगवळणी पडला की नाम आधी गळतं. म्हणून परक्या भाषेत आकडा एकटा दिसला, की तो कोण, कुठे, कोणत्या वेळी बोलतं हे आधी पाहावं. शब्दकोश त्यानंतर.

या पाचाला दुसरा अर्थही आहे आणि तो कानानंच कळतो. धून सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडची. पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चमूनं १९५९ साली काढलेल्या 'टाइम आउट' या अल्बममध्ये ती आहे. त्या काळचं बहुतेक जॅझ चार मात्रांत चालायचं. ही धून पाच मात्रांची आहे: एक-दोन-तीन, एक-दोन. पियानो तोच तुकडा खाली सारखा वाजवत राहतो, त्यामुळे मोजणं सुटत नाही. आपल्या झपतालाचा पहिला अर्धा भाग 'धी ना, धी धी ना', म्हणजे दोन-तीन. इथे तो उलटा, तीन-दोन. खंजिरीच्या भजनांवर वाढलेला आपला हात आठ मात्रांच्या केरव्याला बसलेला असतो. तो पाचव्या मात्रेनंतर सहावी शोधतो आणि ठेका तर पुन्हा एकवर आलेला असतो. ही ओढच या धुनेची गंमत आहे, आणि नावातला पाच तिच्याकडेही बोट दाखवतो.

हा ठेका त्यांना अचानक सुचलेला नाही. १९५८ साली हा चमू तुर्कस्तान, भारत अशा देशांतून वाजवून आला होता. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेल्या नऊ मात्रांवर ब्रूबेकनं याच अल्बममधली दुसरी एक धून बांधली. अल्बमचं नावही असंच दुहेरी आहे. संगीतात 'टाइम' म्हणजे ताल, आणि 'टाइम आउट' तर गावच्या कबड्डीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. एकाच अल्बमवर दोन्ही नावं विश्रांतीची आणि तालाची निघावीत, याला मी योगायोग मानत नाही.

सुट्टीच्या अर्थाला आणखी पुरावा आहे. ब्रूबेक आणि त्याची पत्नी आयोला यांनी पुढे या धुनेला शब्द दिले. १९६१ मध्ये गायिका कार्मेन मॅक्रेनं ते याच चमूसोबत गायले. त्यात कामाच्या धावपळीतल्या माणसाला जरा थांबायची विनवणी आहे. डेस्मंडनं १९६३ साली स्वतःचा अल्बम काढला, त्याचं नाव 'टेक टेन'. शिवाय मूळ धुनेत मध्यावर सॅक्सोफोन थांबतो आणि जो मोरेलोचा ड्रम मोकळा सुटतो. तेव्हा डेस्मंड खरोखर सुट्टीवर असतो! ही जोड मात्र माझी.

आता तुमचे तर्क. वादक चारच होते: डेस्मंड, ब्रूबेक, मोरेलो आणि बासवर युजीन राइट. पाचवा 'टेक' हा अर्थ इंग्रजीत बसतो, पण गाण्याचे शब्द त्याच्या बाजूनं बोलत नाहीत. भजनातल्या 'टेक'शी नातं नाही. आपण आल्यागेल्याला 'टेका ना जराक' म्हणतो, तिथे आवाज आणि अर्थ दोन्ही जवळ येतात, तरी तोही योगायोगच.

मराठीत काय म्हणावं? 'पाच मिनिटं सुट्टी' म्हटलं तर ताल जातो, 'पंचमात्रा' म्हटलं तर विसावा. मला 'दम' हा शब्द हवासा वाटतो. डवऱ्याचे बैल धुऱ्यावर आले, की 'दम खाऊ दे त्यायले' म्हणतात. आणि तबल्यात दमदार तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजणाऱ्या एकाच बोलाच्या, तुकड्यांमध्ये जी थांबण्याची जागा असते, तिलाही दमच म्हणतात. विसावा आणि मोजणी, दोन्ही या एका शब्दात आहेत. म्हणून 'पाचाचा दम घ्या'. क्रियापद मात्र सांभाळा: दम देणं म्हणजे दटावणं, आणि दम मारणं शाळेच्या मंचावर नकोच.

निवेदनात मूळ नाव तसंच घ्या, मागून हे मराठी सांगा. आणि विद्यार्थ्यानं सुरू करण्याआधी पोरांकडून तीन-दोनच्या टाळ्या वाजवून घ्या. पहिली आणि चौथी टाळी जोरात. नावाचा अर्धा अर्थ त्यांना तिथेच कळेल.