स्टेनलेस स्टीलच्या १ मि.मी. जाडीच्या भागात ०.२ मि.मी.चे भोक नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या साध्या व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) पाडता येईल का?

एखाद-दुसरे भोक पडेल, पण सलग उत्पादनासाठी साध्या व्हीएमसीवर विसंबू नये. हे काम मायक्रो-ईडीएमवर, म्हणजे बारीक इलेक्ट्रोडमधून विजेच्या ठिणग्या पाडून धातू झिजवणाऱ्या मशीनवर, करून घ्यावे. कारण साध्या हिशेबात आहे: कार्बाइड ड्रिलला मिनिटाला २० मीटर कर्तनवेग द्यायचा, तर ०.२ मि.मी. व्यासाला सुमारे ३२,००० आरपीएम लागतात, आणि नेहमीचा स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) ८,००० ते १०,०००पर्यंतच जातो. त्याहून घातक असतो तो रनआउट, म्हणजे फिरताना ड्रिलचे मध्यरेषेवरून सरकणे. १० मायक्रॉनचा रनआउट १० मि.मी.च्या ड्रिलला जाणवतही नाही, पण इथे तो व्यासाच्या ५ टक्के होतो आणि ड्रिल एका बाजूला वाकत राहून भोकातच तुटतो. तुटलेला तुकडा सहसा काढता येत नसल्यामुळे पूर्ण झालेला भाग भंगारात जातो, ही हानी ड्रिलच्या किमतीहून कितीतरी मोठी असते. ईडीएममध्ये इलेक्ट्रोड धातूला टेकत नाही, त्यामुळे असा ताण येत नाही. मात्र ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर भोकाच्या भिंतीवर राहतो. भाग वैद्यकीय उपकरणाचा किंवा सतत दाबाखाली चालणारा असेल, तर तो थर काढण्याची अट ड्रॉइंगवरच लिहावी. सातपूर किंवा अंबडमध्ये जॉबवर्क देण्यापूर्वी त्या वर्कशॉपकडे सर्वांत बारीक इलेक्ट्रोड कोणता आहे, हेही विचारावे.