जिंकून 3, हरून 9

प्रिय मित्रा,

तुझी तक्रार पोचली. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर तुझ्याहून 200 ने कमी रेटिंगच्या (ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) खेळाडूला हरवलं तर 3 गुण मिळतात आणि त्याच्याकडून हरलास तर 9 जातात, हा कुठला न्याय, असं तू विचारतोस. गुणांना तू बक्षीस समजतोयस, घोळ तिथेच आहे. डाव सुरू होण्याआधीच यंत्रणेने एक अंदाज बांधलेला असतो. निकाल लागला की तो अंदाज जितका चुकला, त्या मानाने ती तुझा आकडा वर किंवा खाली सरकवते. बस्स, एवढंच.

हा अंदाज येतो कुठून? हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांच्या पद्धतीतून. अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने ती 1960 साली घेतली, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 साली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकाला 400 ने भागायचं, 10 चा तितकावा घात काढायचा, त्यात 1 मिळवायचा आणि आलेल्या संख्येने 1 ला भागायचं. एका डावात (विजयाला 1, बरोबरीला अर्धा धरून) कमी रेटिंगवाल्याकडून अपेक्षित असलेले गुण निघतात; ते 1 मधून वजा केले की वरच्याचे. फरक शून्य असेल तर वरच्याकडून अपेक्षा 0.50, फरक 100 असेल तर 0.64, 200 ला 0.76, 400 ला 0.91. एवढे चार आकडे पाठ कर, सूत्र विसरलास तरी चालेल.

आता तुझाच हिशेब मांडू. 200 ने खालच्या खेळाडूशी 10 डाव खेळलास, 7 जिंकलास, 3 हरलास. एरवी पाठ थोपटून घ्यावी असा निकाल. पण आले 21 आणि गेले 27, म्हणजे 6 ने तू खालीच. कारण अपेक्षा 7.6 ची होती. उलट 200 ने वरच्या खेळाडूशी 10 पैकी 3 जिंकून 7 हरलास, तर हेच 6 गुण तुझ्या पदरात पडतात. तेव्हा दुबळे प्रतिस्पर्धी गाठून रेटिंग वाढवायचा बेत असेल तर सोड. आणि वरच्यांनाच धरून बसल्यानेही फुकट काही मिळत नाही. सोबत्याची निवड शिकण्यासाठी कर. लिचेसवर जोडी शोधताना रेटिंगची मर्यादा ठरवता येते. तुझ्याएवढ्यापासून 200 वरपर्यंत ठेवलीस तर चूक केल्यावर समोरचा ती सोडणार नाही.

एका निकालाने आकडा किती हलायचा, हा पुढचा प्रश्न. फिडेत त्यासाठी एक ठरावीक गुणक आहे. नव्या खेळाडूला पहिल्या 30 डावांपर्यंत 40, पुढे 20, आणि एकदा 2400 गाठलं की 10. अठरा वर्षांखालच्यांना, रेटिंग 2300 च्या आत असेतो, 40 च राहतो. म्हणून गुणक 40 असताना प्रत्यक्ष स्पर्धेत 200 ने खालच्याकडून हरलास तर तुझे एका फटक्यात 30 जातील. घाबरू नकोस, वर जाण्याचा वेगही तितकाच असतो.

ऑनलाइनचं गणित मात्र याच्या पुढे गेलंय. मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने 1995 साली ग्लिको पद्धत मांडली. चेस डॉट कॉम ही दुसरी साइट ग्लिको वापरते, लिचेस तिची पुढची आवृत्ती, ग्लिको-2. यात तुझ्या नावावर आणखी एक आकडा असतो, रेटिंगचं विचलन. तुझ्याबद्दल यंत्रणेला किती खात्री नाही, ते हा आकडा सांगतो. रेटिंग 1500 आणि विचलन 50 असेल, तर खरी ताकद बहुधा 1400 ते 1600 च्या मध्ये कुठेतरी आहे, असं वाचायचं.

लिचेसवर नवं खातं 1500 रेटिंग आणि 500 विचलनावर सुरू होतं. समज, असा नवखा मुलगा 1500 च्याच, पण 50 विचलनाच्या जुन्या खेळाडूला हरवतो. सूत्रात आकडे घातले की नवख्याला सुमारे 235 गुण मिळतात आणि जुन्याचे जेमतेम 4 जातात. त्याच्या खिशातून याच्या खिशात असा हा व्यवहारच नाही. नवख्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून एका निकालाने मोठी उडी. जुन्याबद्दल बरंच ठाऊक आहे, आणि अनोळखी माणसाकडून झालेल्या पराभवावरून त्याच्याविषयी फारसं कळत नाही. त्या एका डावाने नवख्याचं विचलन 500 वरून 300 च्या खाली येतं. 110 च्या खाली येईपर्यंत रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह राहतं, तोवर त्या आकड्यावर ना खूश व्हायचं ना रडायचं. बराच काळ खेळला नाहीस की विचलन पुन्हा वाढतं, साधारण वर्षभराने ते प्रश्नचिन्ह परत येऊ शकतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. 5 मिनिटं अधिक 3 सेकंद आणि 5 मिनिटं अधिक 5 सेकंद यांची तिथे दोन वेगळी रेटिंग असतात. लिचेस मूळ वेळेत, दर खेळीला मिळणाऱ्या सेकंदांची 40 पट मिळवतं. पहिल्याचे होतात 420 सेकंद, म्हणजे ब्लिट्झ, झटपट डाव; दुसऱ्याचे 500, म्हणजे रॅपिड, त्याहून जरा सावकाश. सीमा 480 वर आहे. एकातला 1600 दुसऱ्यातल्या 1600 शी ताडून पाहू नकोस, आणि एका साइटवरचा दुसऱ्या साइटवरच्याशी तर नाहीच.

मित्रांबरोबरच्या व्हॅलोरंटबद्दलही, म्हणजे पाच-पाच जणांच्या त्या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळाबद्दलही, विचारलंस. संघाच्या खेळात गाठ अवघड होते, कारण निकाल पाच जणांचा आणि आकडा एकाचा. मायक्रोसॉफ्टने 2005 साली एक्सबॉक्स या आपल्या गेमयंत्रासाठी ट्रूस्किल ही रेटिंगची पद्धत काढली. त्यात प्रत्येकाचा अंदाज 25 आणि अनिश्चितता 8.33 पासून सुरू होते. दाखवायचा आकडा म्हणजे अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा, म्हणून सुरुवात शून्याने. त्या मूळ ट्रूस्किलला किती गडी टिपलेस याच्याशी देणंघेणं नव्हतं, फक्त कोण जिंकलं ते बघायचं. व्हॅलोरंटमध्ये दिसणारी रँक वेगळी आणि जोड्या लावणारा लपलेला आकडा वेगळा. जिंकल्यावर 15 मिळाले आणि हरल्यावर 22 गेले असं सतत दिसत असेल, तर लपलेला आकडा रँकच्या मागे आहे. गेमने तुझ्यावर डूख धरलेला नाही.

आता कामाचं. बरोबरीच्या खेळाडूंशी 50 डाव झाले की निव्वळ नशिबाने आकडा 40 इकडे किंवा 40 तिकडे जाऊ शकतो. 100 डावांत कधीतरी सलग 5 पराभव न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून रोजचा आकडा बघू नकोस. दर 50 डावांनी एकदा वहीत लिही, शेजारी विचलन लिही. लिचेसच्या सेटिंगमध्ये खेळाडूंची रेटिंग न दाखवण्याची सोय आहे, ती चालू कर. सलग दोन हरलास की उठ. तिसरा डाव तू खेळत नसतोस, तुझा राग खेळत असतो, आणि यंत्रणा तोही इमानेइतबारे मोजते. नवीन ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, घासून बघायचं असेल तर कॅज्युअल डाव लाव, त्याची नोंद रेटिंगमध्ये होत नाही. दुसरं खातं काढून तिथे मुद्दाम खाली राहायचं, हे तर मुळीच नको. नियमाविरुद्ध आहेच, शिवाय समोरच्याचे आकडे नासतात.

विचलन सापडत नसेल तर प्रोफाइलवर ब्लिट्झ निवडून त्याची आकडेवारी उघड, रेटिंगच्या जवळच ते लिहिलेलं असतं. पुढच्या पत्रात रेटिंग नको, तो आकडा कळव.

तुझा,
काका